सनद दिली, पण हिशेब कोण घेणार?

अमेरिकेंत ज्यांस ‘चार्टर स्कूल’ म्हणतात त्या शाळांना मराठींत सनदी शाळा हेंच नांव शोभेल. सनद या शब्दाची ओळख आमच्या वाचकांस नव्यानें करून द्यावयास नको. ईस्ट इंडिया कंपनी नांवाच्या एका व्यापारी मंडळीनें सनदेच्या जोरावर एक सबंध देश घशांत घातला. ती सनद १७९३, १८१३, १८३३ व १८५३ अशा सालीं पार्लमेंटापुढें नव्या होण्यासाठीं येई. त्या वेळीं चौकशीच्या समित्या बसत, साक्षी होत, जाडजूड अहवाल छापले जात. आणि मधल्या वीस वर्षांत जें व्हावयाचें तें होऊन गेलेलें असे. सनद देणाऱ्यानें हिशेब मागावयाचा हें खरें. पण तो इतक्या उशिरां मागितला तर हिशेब घेणें आणि श्राद्ध करणें यांत फारसा भेद राहत नाहीं. अमेरिकेंतील शाळांच्या सनदांचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा अनुभव पाहिला म्हणजे या जुन्या गोष्टीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

सनदी शाळा म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मिनेसोटा राज्यानें १९९१ सालीं पहिला कायदा केला आणि १९९२ सालीं सेंट पॉल शहरांत पहिली शाळा उघडली. आज चाळीसांहून अधिक राज्यांत असे कायदे असून पस्तीस लाखांहून अधिक मुलें या शाळांतून शिकत आहेत. शाळेस फी नाहीं. पैसा सरकारचा, तोही दर मुलामागें ठरलेला. चालविणारें मंडळ मात्र खासगी. नेहमींच्या सरकारी शाळांस जे नियम लागू असतात त्यांपैकीं पुष्कळांतून या मंडळास सूट मिळते, आणि त्याबदल्यांत मंडळ असें वचन देतें कीं अमुक वर्षांत मुलें अमुक इतकीं शिकून दाखवूं, न दाखविल्यास सनद परत घ्या. कायद्याच्या भाषेंत हा सरळ करार आहे, आणि मोबदल्यावांचून करार होत नाहीं. सूट मिळणें हा एका पक्षाचा लाभ. जाब मिळणें हा दुसऱ्या पक्षाचा मोबदला. दुसरा पक्ष जाब मागावयासच विसरला तर उरते ती केवळ खैरात, आणि तीही दुसऱ्याच्या पैशानें.

ओहायो राज्यांत घडलेली गोष्ट या बाबतींत मुळापासून पाहण्यासारखी आहे. तेथें २००० सालीं ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो’ या नांवाची एक सनदी शाळा निघाली. हिला इमारत नव्हती. मुलानें घरीं संगणकापुढें बसावें आणि शिकावें अशी योजना होती. मुलामागें पैसा मिळत असल्यामुळें पट वाढत गेला. शाळेच्या संस्थापकाच्याच दोन कंपन्या व्यवस्थेबद्दल आणि संगणकी साहित्याबद्दल शाळेकडून पैसे घेत होत्या. राज्याच्या लेखापरीक्षकाकडून तर स्वच्छ हिशेबाबद्दल शाळेस प्रशस्तिपत्रेंही मिळालीं! जमाखर्च जुळत होता. मुलें जुळत नव्हतीं. २०१६ सालीं राज्यानें प्रथमच मुलें प्रत्यक्ष किती तास अभ्यासास बसलीं याच्या नोंदी कसून मागितल्या, तेव्हां २०१५-१६ या वर्षासाठीं सांगितलेल्या १५,३२२ पूर्ण वेळेच्या विद्यार्थ्यांपैकीं ६,३१३ विद्यार्थ्यांचाच पुरावा निघाला. त्या एका वर्षाचे सुमारें सहा कोटि डॉलर परत करा असा हुकूम झाला. शाळेनें कोर्टांत जो मुद्दा मांडला तो आमच्या वकीलबंधूंनीं लक्षांत ठेवण्यासारखा आहे. कायद्यानें शिकण्याची संधि देण्यास सांगितलें आहे, मुलानें ती घेतली कीं नाहीं हें आम्हीं दाखविण्याचें कारण नाहीं, असें तिचें म्हणणें होतें. खाणावळवाल्यानें पानें मांडलीं, जेवावयास कोणी आलें नाहीं, तरी सगळ्या पानांचे पैसे द्या, असें म्हणण्यासारखेंच हें झालें. राज्याच्या सुप्रीम कोर्टानें २०१८ च्या ऑगस्टांत तें अमान्य केलें. पण त्यापूर्वींच, त्याच वर्षाच्या जानेवारींत, ऐन सत्राच्या मध्यें शाळा बंद पडली होती आणि सुमारें बारा हजार मुलें दुसरी शाळा शोधीत हिंडूं लागलीं होतीं. डॉलर कधींतरी वसूल होतील. त्या मुलांचीं गेलेलीं वर्षें कोणत्या कोर्टाच्या हुकुमानें वसूल व्हावयाचीं?

मग इतकीं वर्षें देखरेख करणारे होते तरी कोठें? ते होते. ओहायोच्या कायद्याप्रमाणें प्रत्येक सनदी शाळेस एक पुरस्कर्ता असावा लागतो व शाळेवर नजर ठेवणें हें त्याचें काम. परंतु या कामाची फी म्हणून त्याला त्याच शाळेस मिळणाऱ्या सरकारी पैशांतून शंभरास तीनपर्यंत घेतां येतात. शाळा मोठी झाली तर फी मोठी, शाळा बंद केली तर फीही बंद. आमच्या पेठेंतील कोणत्याही व्यापाऱ्यास विचारा. मालाची प्रत ठरविणाऱ्या पारख्याला विक्रीवर दलाली दिली तर तो कोणता माल नापास करील? खुद्द राज्याच्या शिक्षणखात्याचेंही तेंच. या पुरस्कर्त्यांचे गुण ठरवितांना संगणकी शाळांचे वाईट निकाल खात्यांतील एका अधिकाऱ्यानें हिशेबांतून वगळले, ही गोष्ट २०१५ सालीं बाहेर आली आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. कॅलिफोर्नियांतही लहान लहान शाळा-मंडळांनीं देखरेखीच्या फीसाठीं दूरदूरच्या संगणकी शाळांना सनदा दिल्या होत्या. खेळाच्या संघांतील मुलांचीं नांवें पटावर चढवून सरकारी पैसा उचलल्याचा खटला २०१९ सालीं सॅन डिएगो येथें अकरा जणांवर झाला, आणि २०२१ सालीं त्यांतील दोघां प्रमुखांनीं गुन्हा कबूल केला.

याच्या उलट अमेरिकेच्या राजधानींत कांहीं चांगली व्यवस्था दिसते. वॉशिंग्टन शहरांतील सनदी शाळांवर एक स्वतंत्र सार्वजनिक मंडळ आहे. तेथें सनद पंधरा वर्षांची, आणि निदान दर पांच वर्षांनीं तिची फेरतपासणी झालीच पाहिजे असा कायदा. पांच वर्षें हाही काळ लहान नव्हे. पहिलींत आलेलें मूल तेवढ्यांत सहावींत जातें. म्हणून मंडळानें २०११ पासून दरसाल प्रत्येक शाळेची पाहणी करून तिला तीन प्रतींपैकीं कोणती प्रत मिळाली हें छापून प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. परीक्षेंतील गुण, मागच्या सालापेक्षां मुलाची झालेली प्रगति, हजेरी, तींच मुलें पुढल्या वर्षीं परत आलीं कीं नाहींत, इतक्या गोष्टी त्यांत पाहिल्या जात. या पद्धतीचें रूप पुढें बदललें. पण दरसालची पाहणी ही नियमाची बाब झाली.

तथापि या मंडळाचाही अनुभव सर्वस्वीं समाधानाचा नाहीं. २०१३ सालीं अपंग व अडचणींतल्या मुलांसाठीं चालणाऱ्या तेथील एका सनदी शाळेच्या चालकांवर शहराच्या सरकारी वकिलांनीं दावा लावला. चालकांनीं आपल्याच कंपन्यांशीं करार करून शाळेचे निदान तीस लक्ष डॉलर तिकडे वळविले, असा आरोप त्यांत होता. आणि खुद्द देखरेख-मंडळाच्या पैशाच्या बाजूचा वरिष्ठ अधिकारीही त्यांत गुंतल्याचें दाव्यांत म्हटलें होतें. पुढें २०२४ च्या ऑगस्टांत ईगल अकॅडमी ही लहान मुलांची शाळा पैशाच्या ओढाताणीनें, वर्ग सुरू व्हावयास थोडेच दिवस उरले असतां, एकाएकीं बंद झाली. शाळांची पाहणी होत होती, पण तिजोरीचा तळ दिसूं लागल्याची खबर आईबापांना वेळेवर मिळाली नाहीं. असली खबर सत्राच्या आधीं चार महिने मिळणें आणि चार दिवस मिळणें यांतील फरक गरीब कुटुंबासच कळतो.

येथें आम्हांस दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. दरसाल तपासणी म्हणजे दरसाल परीक्षा, आणि परीक्षेच्या गुणांवर शाळेचें जगणें-मरणें, असा अर्थ पुष्कळ लोक करतात. हा रोग नवा नाहीं. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो यानें निकालाप्रमाणें पैसा देण्याची पद्धति घातली. इन्स्पेक्टर येईल, मुलांचें वाचन, लेखन व गणित तपासील, आणि पास झालेल्या डोक्यांप्रमाणें शाळेस पैसा मिळेल. मुंबई इलाख्यांतही अनुदानाच्या बाबतींत हीच तऱ्हा होती. परिणाम असा झाला कीं मास्तर मुलांस शिकविण्याऐवजीं इन्स्पेक्टरासाठीं पढवूं लागले. मॅथ्यू अर्नोल्ड हा कवि स्वतः शाळा-इन्स्पेक्टर होता, आणि त्यानें या पद्धतीवर सडकून टीका केली. तीसेक वर्षांनीं इंग्लंडास ती टाकावी लागली आणि कालांतरानें येथेंही ती गेली. आतांच्या काळीं तिचा दुसरा अवतार पहा. न्यूयॉर्क शहरांत उत्तम निकालांसाठीं गाजलेल्या एका सनदी शाळासमूहाच्या एका शाळेंत ‘जावयास हवींत’ अशा मुलांची यादी मुख्याध्यापकानें केली होती, हें २०१५ सालीं उघडकीस आलें. अवघड मुलें गेलीं म्हणजे निकाल आपोआप वर चढतो. म्हणून जी तपासणी केवळ राहिलेल्या मुलांचे गुण पाहते आणि गेलेलीं मुलें कां गेलीं हें विचारीत नाहीं, ती तपासणी शाळेला चोरवाट दाखविते.

सगळ्या सनदी शाळा वाईट असा ग्रह कोणी करून घेऊं नये. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका संशोधन-केंद्रानें २००९ सालीं पाहिलें तेव्हां गणितांत शेंकडा १७ सनदी शाळा शेजारच्या सरकारी शाळांहून सरस व ३७ निरस निघाल्या होत्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अहवालांत सनदी शाळांचीं मुलें सरासरीनें वाचनांत वर्षाकाठीं सोळा दिवसांच्या अभ्यासाइतकीं व गणितांत सहा दिवसांइतकीं पुढें दिसलीं. परंतु सरासरीवर कोणाचें मूल शिकत नाहीं. आईबापांना हवी असते ती त्यांच्या मुलाच्या शाळेची हकीकत, आणि ती त्यांच्या हातीं ठेवण्याची सर्वांत सरळ रीत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यांत आहे. प्रत्येक सनदी शाळेनें दरसाल १ ऑगस्टच्या आंत मागील वर्षाचा अहवाल द्यावयाचा. तो सरकारास व स्थानिक शाळा-समितीस तर द्यावयाचाच, पण शाळेंतील प्रत्येक मुलाच्या पालकासही द्यावयाचा, आणि ज्या पालकाच्या मनांत मूल त्या शाळेंत घालावयाचें आहे त्यासही द्यावयाचा. हें शेवटचें कलम आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. सौदा ठरण्यापूर्वीं माल दाखविणें हा बाजाराचा साधा धर्म आहे, व शाळेलाच तो कां नसावा हें आम्हांस कळत नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. पटावर मुलें व वर्गांत रिकामे बाक ही ओहायोचीच मक्तेदारी नाहीं. २०११ च्या ऑक्टोबरांत महाराष्ट्रभर एकाच वेळीं पटपडताळणी झाली, तेव्हां कागदावरचीं लाखो मुलें शाळेंत सांपडलीं नाहींत, आणि त्यांच्या नांवावर अनुदान, शिक्षक व पोषण-आहार हीं सर्व चाललीं होतीं. ती पडताळणी एकाएकीं झाली म्हणूनच सत्य बाहेर आलें. आगाऊ वर्दी देऊन येणाऱ्या पाहुण्याला कोणत्याही घरीं केर दिसत नाहीं. मुंबई व पुणें येथील महापालिकांच्या कांहीं शाळा आतां खासगी संस्था कराराप्रमाणें चालवितात. त्यांत आकांक्षासारख्या संस्थांचें काम चांगलें म्हणून ओळखलें जातें. २०२३ सालीं सरकारनें दत्तक शाळा योजना काढली. तींत कंपन्यांनीं देणगी द्यावी व आपलें नांव शाळेस कांहीं वर्षें जोडावें अशी सोय आहे. शाळा चालविण्याचा अधिकार तींत जात नाहीं हें खरें, पण एकदां पाटी बदलली कीं पुढची पायरी फार दूर नसते. अशा करारांना आमचा विरोध नाहीं. महापालिकेस जें साधत नाहीं तें दुसऱ्या कोणास साधत असेल तर त्यानें तें अवश्य करावें. पण चांगल्या संस्थेस वार्षिक तपासणीचें भय नसतें, आणि वाईट संस्था चांगलीच्या नांवाआड लपूं नये यासाठींच ती हवी.

आजच्या कायद्यांत या कामाचे तुकडे इकडे तिकडे पडलेले आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन-समिति सांगितली असून तींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणें संस्थेचे हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे जातात. परंतु पालकांच्या समितीपुढें संस्थेचा ताळेबंद येत नाहीं, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत मुलाला भागाकार येतो कीं नाहीं हें कोणी विचारीत नाहीं. ओहायोच्या लेखापरीक्षकाचीच ही जात झाली.

तेव्हां यापुढें कोणतीही महापालिका आपली शाळा कोणास चालवावयास देईल तर करारांतच इतकें घालावें अशी आमची मागणी आहे. तपासणारा महापालिकेनें नेमावा व त्याचा पगार शाळेच्या पटावर अवलंबून नसावा. पट वर्षांतून निदान एकदां वर्दी न देतां मोजावा. चालकांच्या नात्यागोत्यांतील कंपन्यांस दिलेला प्रत्येक रुपया निराळा दाखवावा. वर्षभरांत शाळा सोडून गेलेल्या मुलांची संख्या व कारणें लिहावीं. आणि हा अहवाल, सोप्या मराठींत व शाळेच्या भाषेंत, एप्रिल संपण्यापूर्वीं महापालिकेच्या सभेपुढें यावा व त्याच दिवशीं शाळेच्या दाराशीं लागावा, म्हणजे जूनमध्यें मूल कोठें घालावयाचें याचा विचार करण्यास आईबापांच्या हातीं पुरता मे महिना राहील.