निष्कर्ष आधी, दोषाचे नाव नंतर

आकारिक तर्कदोष युक्तिवादाच्या सांगाड्यात असतो, अनाकारिक तर्कदोष त्याच्या आशयात. 'पाऊस पडला तर रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे. म्हणून पाऊस पडला' या युक्तिवादातून पाऊस आणि रस्ता काढून क आणि ख घातले तरी चूक दिसतेच, कारण ख दुसऱ्या कशानेही घडू शकते, जसा रस्ता टँकरच्या पाण्यानेही ओला होतो. अनाकारिक दोष या तपासणीतून निसटतात. जे सिद्ध करायचे तेच शब्द बदलून गृहीत धरले, तर सांगाडा निर्दोष ठरतो: क खरे आहे, म्हणून क खरे आहे. पण ज्याला क मान्यच नाही, त्याच्या हाती नवे कारण काहीच पडत नाही. त्यामुळे या भागात सूत्रे पाठ करून भागत नाही, युक्तिवाद उलगडावा लागतो.

महाराष्ट्रात कला शाखेच्या अकरावीला तर्कशास्त्र घेणाऱ्यांना तर्कदोष तिथेच भेटतात. रायपूरच्या चौबे कॉलोनीत, महाराष्ट्र मंडळाच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांतल्या ज्या मुलांच्या शाळेत हा विषय नव्हता, त्यांची तर्कदोषांशी गाठ पडते ती यूजीसी-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या पहिल्या पेपरात. 2019 पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात आकारिक व अनाकारिक तर्कदोष आणि भारतीय न्यायशास्त्रातले हेत्वाभास एकाच घटकात आहेत. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, घरातले वाद मराठीत होतात. अभ्यासाला खरा माल मात्र त्या वादांतच मिळतो.

एखाद्या गल्लीतल्या गणेशोत्सवाची बैठक घ्या. कोणी म्हणतो, वर्गणी वाढवली पाहिजे. लगेच उत्तर येते: 'तुम्ही गेल्या वर्षी वर्गणी दिवाळीपर्यंत दिली नव्हती, तुम्ही काय सांगता?' हा व्यक्तिलक्ष्यी दोष. मंडपाचे भाडे वाढले की नाही, हा प्रश्न बाजूलाच राहिला. आता विधान तेच ठेवून निष्कर्ष बदला: 'यांनी गेल्या वर्षी वर्गणी वेळेवर दिली नाही, म्हणून यांना खजिनदार करू नये.' इथे दोष नाही. माणसाची वागणूक या निष्कर्षाशी थेट संबंधित आहे. ती गोष्ट खरी आहे का, एवढेच तपासायचे.

विद्यार्थी अडतात ते नेमके इथे. माणसावर टीका दिसली की व्यक्तिलक्ष्यी, मोठे नाव दिसले की आप्तवचनाचा दोष, भीती दिसली की धाकदपशा, अशी खूणगाठ बांधली जाते. ही पद्धत चुकीची आहे आणि शिकवण्या तिला खतपाणी घालतात, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. हाडांच्या डॉक्टरचे मत हाडाबाबत पुरावा आहे, जमिनीच्या भावाबाबत नाही. 'उघड्या तारेला हात लावू नको, झटका बसेल' यात भीती आहे, पण ती निष्कर्षाचे योग्य कारण आहे. 'माझे म्हणणे खरे मान, नाहीतर नोकरी जाईल' यातल्या भीतीचा म्हणण्याच्या खरेपणाशी काही संबंध नाही. दोष विधानात नसतो, विधान आणि निष्कर्ष यांच्या नात्यात असतो. म्हणून आधी निष्कर्ष शोधून अधोरेखित करावा, मग कारण वेगळे लिहावे, आणि नाव सर्वात शेवटी.

काही दोष मराठी माणसाला शिकवावे लागत नाहीत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणून कावळ्याने फांदी तोडली असे मानणे, हा मिथ्या कारणाचा दोष. संघातला प्रत्येक खेळाडू उत्तम म्हणून संघ उत्तम, हा अवयवांवरून समूहाकडे जाण्याचा दोष. त्याची उलट बाजूही तितकीच सदोष.

हेत्वाभासांबाबत मात्र सावध राहावे. अ‍ॅरिस्टॉटलने तेरा दोष सांगितले, सहा भाषेमुळे होणारे आणि सात भाषेबाहेरचे. न्यायसूत्रांनी हेत्वाभास पाच मानले आणि पुढे अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ते सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध आणि बाधित या नावांनी आले. दोन्ही याद्या समोरासमोर मांडून जोड्या लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. हेत्वाभास हा फक्त हेतूचा, म्हणजे अनुमानात दिलेल्या कारणाचा, दोष आहे. 'शब्द नित्य आहे, कारण तो निर्माण होतो' यात हेतू साध्याच्या, म्हणजे जे सिद्ध करायचे त्याच्या, उलटच सिद्ध करतो, म्हणून तो विरुद्ध. 'आकाशकमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे' यात ज्याविषयी बोलायचे तेच अस्तित्वात नाही, म्हणून असिद्ध.

अनाकारिक दोषांचे जवळचे भाऊबंद न्यायशास्त्रात दुसरीकडे, छल या पदार्थात आढळतात. 'नवकंबल' मुलगा म्हणजे नवे कांबळे पांघरलेला मुलगा. प्रतिवादी 'नव'चा अर्थ नऊ घेतो आणि म्हणतो, याच्याकडे एकच कांबळे आहे, नऊ कुठे? हा वाक्छल, आजच्या पाठ्यपुस्तकातला द्व्यर्थकतेचा दोष याच घराण्यातला.

नेटच्या पहिल्या पेपरात पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेव्हा तर्कदोषाचा प्रश्न नाव आठवत नाही म्हणून सोडू नका. निष्कर्ष शोधा, कारण त्याच्याशी ताडून पाहा आणि उत्तर निवडूनच पुढे जा.