हुद्दा चार महिन्यांचा, कसब आठ वर्षांचे



गावातला पोरगा भरती झाला की आपण म्हणतो, "त्यानं हाती बंदूक घेतली." पण पलटणीत कुणी पूल बांधतो, कुणी रस्ता करतो, कुणी जमिनीत पुरलेले सुरुंग उकरून काढतो. अशाच एका माणसाला परमवीर चक्र मिळाले. त्याची ही हकिकत.

रामा राघोबा राणे यांचा जन्म १९१८ चा, घराणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. वडील पोलीस शिपाई. १९४० साली राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे जुनी माणसे जिला सफरमैना म्हणत त्या पलटणीत, साधे रंगरूट म्हणून लागले. महायुद्धात ब्रह्मदेशात लढले, हवालदार झाले. पायरी पायरीने चढत १५ डिसेंबर १९४७ रोजी सेकंड लेफ्टनंट झाले.

त्याला चार महिनेही झाले नव्हते, तोच एप्रिल १९४८ उजाडला. काश्मीरच्या लढाईत आपल्या फौजेला नौशेराहून राजौरी गाठायची होती. वाटेत सुरुंग पेरलेले, झाडे पाडून रस्ता अडवलेला. ८ एप्रिलला काम सुरू होताच तोफगोळे पडले. दोन जवान ठार, पाच जखमी. जखमींत राणेही होते. पण ते मागे हटले नाहीत. पुढे एकदा ते रणगाड्याखाली सरपटत गेले, आतल्या चालकाला दोरीने खुणा केल्या आणि सुरुंगांतून रणगाडा सुखरूप पार नेला. रात्र म्हणाली नाही, दिवस म्हणाला नाही. ११ तारखेपर्यंत हेच चालले. १२ तारखेला राजौरी सुटली.

परमवीर चक्र आहे काशाचे, जांभळ्या फितीचे. मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रे. त्याचा नमुना काढला सावित्री खानोलकर यांनी. त्या जन्माने परदेशी, पण मराठी अधिकाऱ्याच्या पत्नी. हे पदक जिवंतपणी मिळवणारे राणे पहिलेच. पुढे ते मेजर होऊन निवृत्त झाले. १९९४ साली वारले.

तेव्हा मंडळी, पलटणीतून मुलाचे पत्र आले, की "मला नुसत्या खोदकामाला लावलंय," तर मन खट्टू करू नका. राणेंच्या खांद्यावरचा हुद्दा चार महिन्यांचा होता. हातातले कसब आठ वर्षांचे होते. ऐन वेळी कामाला आले ते कसबच. त्याला कळवा, "बाबा, जे शिकवतील ते नीट शीक."