रेल्वेचा भोंगा मोटारीला कशाला?

रेल्वेमार्गालगतच्या पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ ही अक्षरे अनेकांनी पाहिली असतील. पुढे फाटक आहे, शिटी वाजवा, अशी ती इंजिनचालकाला सूचना असते. भरधाव रेल्वेगाडीला ब्रेक लावल्यावर थांबायला किलोमीटरभर अंतर लागू शकते, आणि रूळ सोडून तिला बाजूलाही होता येत नाही. म्हणून तिचा भोंगा लांबवर ऐकू जावा लागतो. अमेरिकेत इंजिनापुढे १०० फुटांवर त्याचा आवाज ९६ ते ११० डेसिबल असावा, असा नियमच आहे.

तसल्या आवाजाचे प्रेशर हॉर्न आता हौसेने जीपला, एसयूव्हीला, अगदी मोटारसायकललाही बसवले जातात. छोटा कॉम्प्रेसर, हवेची टाकी, व्हॉल्व्ह आणि दोन-तीन कर्णे, एवढेच सामान लागते. पण ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार, चालकाला भान येण्याचा वेळ धरूनही, कोरड्या रस्त्यावर साधारण ३० मीटरमध्ये थांबते. जिला ब्रेक आहे आणि स्टिअरिंगही आहे, तिला रेल्वेच्या भोंग्याची गरज नाही. तो बसवणे ही हौस असली, तरी तिची किंमत इतरांचे कान मोजतात.

डेसिबलचा हिशेब फसवा असतो. आकडा १० ने वाढला की आवाजाची तीव्रता दहापट होते, २० ने वाढला की शंभरपट. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे १०० फुटांवर ११० डेसिबलचा भोंगा २५ फुटांवर १२२ आणि बारा-तेरा फुटांवर १२८ डेसिबलचा होतो. सिग्नलला मोटारीपुढे थांबलेला दुचाकीस्वार याहूनही जवळ असतो. त्यात मोटारीचे कर्णे बंपरमागे, म्हणजे जवळपास रस्ता ओलांडणाऱ्या लहान मुलाच्या कानाच्या उंचीवर असतात. चालक स्वतः मात्र बंद काचांआड बसलेला असतो.

अमेरिकेतील ‘नायॉश’ ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था ८५ डेसिबल आवाजाला दिवसाकाठी ८ तासांची मर्यादा घालते. पुढे दर ३ डेसिबलमागे ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटे उरते, तर ११५ डेसिबलला अर्धा मिनिटही नाही. आतल्या कानातील ज्या नाजूक केसपेशींमुळे आपल्याला ऐकू येते, त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. मोठा आवाज आला की मध्यकर्णातील एक छोटा स्नायू आवळला जाऊन थोडेफार संरक्षण देतो, पण त्याला काही क्षण लागतात. अचानक वाजलेला भोंगा तोवर आत पोहोचलेला असतो. कानात सतत गुणगुण राहणे, गर्दीत बोलणे न समजणे ही त्याची पुढची लक्षणे. दिवसभर चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस, रिक्षाचालक आणि फेरीवाले यांच्या वाट्याला हा मार रोज येतो.

‘साधा हॉर्न कोणी ऐकतच नाही, मोठ्या हॉर्नने अपघात टळतात,’ असे यावर सांगितले जाते. घाटातल्या आंधळ्या वळणावर हॉर्न हवाच, त्यात वाद नाही. पण त्यासाठी कंपनीने बसवलेला हॉर्न पुरतो. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजाने माणूस दचकतो. डोळे मिटतात, मान आणि खांदे आखडतात, छातीत धडधडते. ही प्रतिक्षिप्त क्रिया विचार करण्याआधीच घडते. दुचाकीच्या हँडलवर हात असताना असे दचकणे जिवावर बेतू शकते. शिवाय इमारतींवरून आवाज उलटून येतो, त्यामुळे बाजू नेमकी कोणती द्यायची हेही कळत नाही.

कायदा पुरेसा स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ नुसार अनेक सुरांचे, तसेच कर्कश किंवा दचकवणारे हॉर्न बसवता येत नाहीत. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवायलाच मनाई आहे. विनाकारण हॉर्न वाजवल्यास पहिल्या वेळी १,००० आणि नंतर २,००० रुपये दंड होतो. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यावरही महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी घालण्यात आली.

तरीही दंडाची पावती घेऊन गाडी पुढे जाते आणि भोंगा गाडीतच राहतो. तो जागीच उतरवून जप्त व्हायला हवा, आणि तो बसवून देणाऱ्या दुकानांचीही तपासणी व्हायला हवी. कारण रस्त्यावरच्या हजारो कानांपेक्षा ही दुकाने मोजकी आहेत. आपल्या गाडीला असा भोंगा असेल, तर कारवाईची वाट न पाहता तो काढून टाकावा. रस्ता मोकळा नसेल तर ब्रेक दाबावा. त्याने कोणाचे कान जात नाहीत.