पाचवीचं दार उघडं ठेवा



गेल्या जूनमध्ये शेजारची एक बाई मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी गावच्या सरकारी मराठी शाळेतून चौथी पास, गणितात हुशार. चर्चच्या हायस्कूलात पाचवीला जागा नाही म्हणून परत पाठवलेली. तिचा बाप त्याच शाळेत माझ्या वर्गात होता, आणि तोही मराठी चौथीतूनच आलेला. शाळेचं नाव लिहीत नाही, एकाच शाळेला बोल लावायचा नाही.

इंग्रजी शाळा बार्देशात आधी आल्या. फादर लायन्स यांनी हडफड्याला सेंट जोसेफ १८८७ मध्ये सुरू केलं. तिथली माणसं नोकरीला मुंबई गाठत, त्यांना इंग्रजी हवं होतं. पेडणे, डिचोली पडली नव्या काबिजादीत. ख्रिस्ती घरं मोजकी, आणि गावात अक्षरओळख मराठीत. इंग्रजी शिकायचं तर पेडण्याच्या मुलाने शापोरा ओलांडायची. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि त्या मुलांनी आपली हायस्कूलं भरली. नुसत्या ख्रिस्ती मुलांवर इथं दहावीपर्यंतचे वर्ग चालले नसते, हे आपण विसरतो.

पाचवी मी वर्षानुवर्षं घेतली. जूनमध्ये मुलं तोंड उघडत नसत. पाढे मराठीतच म्हणू द्यायचे, उत्तर तेवढं इंग्रजीत. भूगोल आधी कोंकणीत समजवायचा, मग फळ्यावर इंग्रजी वाक्य. दिवाळीपर्यंत धडा वाचायला लागत. कॅटेकिझमच्या तासाला ख्रिस्ती मुलं एका वर्गात, बाकीची नीतिशिक्षणाला. घंटा झाली की पुन्हा एका बाकावर. १५ ऑगस्टला आधी मीस, मग झेंडा. नाताळच्या नाटकातला जोसेफ बहुतेक वेळा कुणी गावकर नाहीतर परब असायचा, आवाज चांगला म्हणून!

१९९० मध्ये सरकारने प्राथमिकचं अनुदान कोंकणी-मराठीपुरतं ठेवलं, तेव्हा डायोसिसन सोसायटीने आपल्या प्राथमिक शाळा कोंकणीत नेल्या. २०११ मध्ये इंग्रजीलाही अनुदान देण्याचं ठरलं. पालकांना तेच हवं होतं, माझा विरोध नाही, माझी नातवंडंही तिथेच शिकली. पण आता हायस्कूलची पाचवी स्वतःच्याच चौथीतून भरते, आणि मराठी शाळेतलं मूल दारात उभं राहतं. म्हणतात, अशी मुलं मागे पडतात, निकाल खाली येतो. माझ्या वर्गातली पडली नाहीत. थोडा वेळ द्यावा लागायचा, एवढंच. आणि शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून येतो, म्हणजे त्या शेजारणीच्या पैशातूनही.

माझं मागणं छोटं आहे. प्रत्येक पॅरिश हायस्कूलने पाचवीत दहा जागा गावच्या मराठी शाळेतल्या मुलांसाठी ठेवाव्यात आणि प्रवेशाआधी फलकावर तसं लिहावं. जून-जुलैत या मुलांसाठी सकाळी एक तास जादा इंग्रजी लागेल. तो आम्ही निवृत्त शिक्षक फुकट घेऊ. मी यायला तयार आहे. गुडघे दुखतात, पण बसायला खुर्ची मिळाली की झालं.

— एक निवृत्त शिक्षिका, पेडणे