कंबर, एक यंत्र आणि आपण



गेल्या महिन्यात आमच्या गटाकडे एक पत्र आलं. दुखणं कमी करणारी छोटी यंत्रं विकणारी एक कंपनी आमच्या वस्तीतल्या बायकांना पन्नास यंत्रं फुकट द्यायला तयार आहे. अट एवढीच की वाटपाचा जाहीर कार्यक्रम व्हावा, फोटो काढू द्यावेत आणि बायकांनी आपले अनुभव कंपनीला सांगावेत. बैठकीत यावर दोन तास वाद झाला आणि निर्णय काही झाला नाही. असं पत्र उद्या तुमच्याही गटाकडे येऊ शकतं, म्हणून हा विषय इथे मांडते आहे.

आधी यंत्राविषयी. त्याला 'टेन्स' म्हणतात. मुठीत मावणारी, बॅटरीवर चालणारी डबी, तिला दोन वायरी आणि वायरींना चिकट पट्ट्या. पट्ट्या दुखऱ्या भागाभोवती लावायच्या आणि मुंग्या येतील इतपत सौम्य वीज सोडायची. गुडघा आपटला की आपण आपसूक चोळतो, त्यातलंच हे तत्त्व. मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं की पाठीच्या कण्यात जणू एक दार असतं, आणि स्पर्शाचे संदेश त्यातून मोठ्या संख्येने आत आले की दुखण्याच्या संदेशांना वाट अरुंद होते. आराम बहुधा यंत्र चालू असेपर्यंत आणि त्यानंतर थोडा वेळ टिकतो. काहींना तर काहीच फरक पडत नाही. पाळीच्या दुखण्यावर मात्र त्याचा उपयोग होतो असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. हृदयात पेसमेकर असेल तर यंत्र वापरायचं नाही. गरोदरपणी पोटावर, गळ्याच्या पुढच्या बाजूला किंवा बधिर कातडीवर पट्ट्या लावायच्या नाहीत.

मी या बाबतीत तटस्थ नाही, हेही सांगून टाकते. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला असताना पाळीच्या दिवसांत मला वर्गात बसवत नसे. एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टर हसून म्हणाले, "लग्न झालं की थांबेल." सात वर्षांनी पोटात दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा एंडोमेट्रिऑसिस निघालं. आज माझ्या पिशवीत टेन्सची डबी असते. ती नसती तर या अंकाची निम्मी कामं झाली नसती.

वस्तीत दुखण्याचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कचरा वेचणारी, विड्या वळणारी, सहा घरची धुणीभांडी करणारी बाई कंबर-गुडघा-मान अंगावर काढते. फारच झालं तर मेडिकलमधून तीन-चार गोळ्यांची पुडी आणते. आत काय आहे ते कुणी विचारत नाही. रिकाम्या पोटी महिनोन् महिने अशा गोळ्या घेतल्या की जठराला जखमा होतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. कुणी दातांना मिश्री लावून वेळ मारून नेते. राणी आणि अभय बंग यांनी १९८९ साली गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. पुढे २०१९ साली बीडमध्ये सुमारे ८२ हजार ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. ओटीपोटात दुखतं म्हणून गेलेल्या बाईला मिळालेला हा 'उपाय', कारण पिशवी काढली की कामाचे दिवस बुडत नाहीत.

तिकडे अमेरिकेत सध्या घोषणा आहे 'अफूविना वेदनामुक्ती'ची. अफूवर्गीय गोळ्यांचा तिथे पूर आला, लाखो माणसं व्यसनात सापडून मेली, म्हणून नव्या वाटा शोधल्या जाताहेत. कंबरदुखीसाठी डोळ्यांवर चढवायचा आभासी चित्रांचा चष्मा तिथल्या औषध प्रशासनाने २०२१ साली मान्य केला. जानेवारी २०२५ मध्ये सुझेट्रिजीन नावाची गोळी मान्य झाली. ती मेंदूपर्यंत न जाता, दुखण्याचा संदेश जिथून निघतो त्या मज्जातंतूंतलं सोडियमचं एक विशिष्ट दार बंद करते. शोध खरोखरच मोलाचा आहे. पण ती मान्य आहे शस्त्रक्रियेनंतरच्या वगैरे तात्पुरत्या दुखण्यासाठी. कंबरेतून पायात उतरणाऱ्या जुन्या कळेवर तिची चाचणी झाली, तेव्हा खोट्या गोळीनेही जवळपास तेवढाच आराम पडला. किंमत आहे एका गोळीला साडेपंधरा डॉलर, म्हणजे हजार रुपयांच्या वर. मुख्य चाचण्यांत बहुसंख्य बायकाच होत्या, हे वाचून मला क्षणभर बरं वाटलं. मग कळलं की शस्त्रक्रिया होत्या पोटाची चरबी-कातडी काढण्याच्या आणि पायाच्या अंगठ्याचं हाड सरळ करण्याच्या.

बरं वाटण्याचं कारण असं की दुखण्याचं शास्त्र वर्षानुवर्षं नरांवर उभं राहिलं. वेदनेवरच्या एका प्रमुख नियतकालिकातल्या दहा वर्षांच्या प्राणी-प्रयोगांचा आढावा २००५ साली आला, त्यात ७९ टक्के प्रयोग फक्त नरांवर होते. दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं की दुखणं टिकवून ठेवणाऱ्या पेशी नरांत एक आणि माद्यांत वेगळ्या असतात. जुनं दुखणं सोसणाऱ्यांत जगभर बायका जास्त, आणि अभ्यास नरांचा!

अमेरिकेची ती घोषणा आपण जशीच्या तशी उचलू नये, असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे कितीतरी रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायदा सैल झाला, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने कण्हणाऱ्या बाईपर्यंत ते आजही सहज पोचत नाही. तिला अफूविना पर्याय नको आहे, तिला तिच्या हक्काचं मॉर्फिन हवं आहे. टेन्सची चर्चा करताना तिला विसरून चालणार नाही.

आता बैठकीतला वाद. एक मैत्रीण म्हणाली, "आपण यंत्रं वाटू, आणि मुकादम म्हणेल, पट्टी लाव आणि अजून चार पाट्या उचल." हे खोटं नाही. दुखणं ही शरीराची तक्रार आहे, आणि तक्रार मिटवली की काम देणारा सुटतो. त्यावर मागे बसलेल्या कचरा वेचणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तुमचं भांडण मिटेपर्यंत माझी कंबर थांबणार हाय का?" नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मला मावशींचं पटतं. ओझं कमी होईपर्यंत बाईने कळ सोसत राहावं, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण कंपनीची अटही मान्य नाही. बायकांची दुखणी हा कुणाच्या जाहिरातीचा माल नव्हे. शिवाय चिकट पट्ट्या काही आठवड्यांत चिकटेनाशा होतात आणि नव्या विकतच घ्याव्या लागतात, हे पत्रात कुठेच लिहिलेलं नाही.

म्हणून मी बैठकीत असं सुचवणार आहे की बचत गटाच्या पैशातून पाच यंत्रं विकत घ्यावीत. लग्नाची भांडी जशी गटाची असतात आणि आळीपाळीने जातात, तशी ती फिरावीत. पट्ट्या मात्र जिच्या तिच्या वेगळ्या. आधी फिजिओथेरपिस्ट ताईंनी प्रत्येकीला तपासावं, कारण रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी किंवा ताप-वजन घटण्यासोबतचं दुखणं यंत्राने झाकायचं नसतं. कुणाला किती आराम पडला याची वही गटानेच ठेवावी. ती वही घेऊन आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्टची आणि महानगरपालिकेकडे ढकलगाड्यांची मागणी करावी.

पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे. तुमच्या गटात कुणी टेन्स वापरलं असेल, फसलं असेल, मशीन कपाटात पडून असेल, तरी कळवा. पुडीतल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं जमवता आली तर तीही पाठवा. त्यांत काय काय असतं ते पुढच्या अंकात छापायचं आहे.