दिव्याचे कारण

विदर्भातील मुलांना तान्हा पोळा ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. श्रावणी अमावास्येला शेतकरी आपले बैल सजवून पोळ्यात नेतो आणि दुसऱ्या दिवशी मुले आपापले लाकडी नंदी सजवून बाहेर पडतात. मोहाडीच्या रस्त्यांवरूनही त्या दिवशी लहानमोठ्या नंदींची चाके खडखडत जातात. मुले घरोघर थांबतात, बोजारा घेतात आणि पुढे निघतात. या नंदीकडे तुम्ही कधी नीट न्याहाळून पाहिले आहे काय? त्याची शिंगे, त्याचे वशिंड, त्याचे खूर ही सारी खऱ्या बैलासारखीच असतात. केवळ लहान असतात. सुताराने शिंगे पायांएवढी जाड केली, तर चार वर्षांचे मूलदेखील हसेल. परंतु खऱ्या बैलाला नसलेली एक वस्तू या नंदीला असते, ती म्हणजे पायांखालची चाके. ती पाहून मात्र कोणी हसत नाही. कारण ती तेथे का आहेत, हे सर्वांना ठाऊक असते. नंदी ओढून न्यावयाचा असतो!

एखाद्या वस्तूची सर्व मापे ठरावीक प्रमाणात लहान करून जी वस्तू घडवितात, तिला आपण प्रतिकृती म्हणतो. प्रतिकृतीविषयी माझे एक ठाम मत आहे. तिचे मोल तिच्या झगमगाटावरून ठरवू नये. तिच्यातील प्रत्येक मापाला आणि प्रत्येक दिव्याला काही कारण आहे की नाही, आणि ते कारण करणाऱ्याला सांगता येते की नाही, यावरून ते ठरवावे. हे मत मला कोणत्याही ग्रंथात सापडलेले नाही. ते माझ्या हातून घडलेल्या एका चुकीतून मला मिळाले आहे.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात मोहाडी तालुक्यातील एका शाळेत विज्ञान-प्रदर्शन भरले होते. आम्हा तिघांना परीक्षक म्हणून बोलाविले होते. सातवीच्या दोन विद्यार्थ्यांनी अवकाशयानांच्या प्रतिकृती मांडल्या होत्या. दोन्ही याने विज्ञानकथेतल्यासारखी, म्हणजे कल्पनेतली होती. पहिले यान चकचकीत चंदेरी कागदाने मढविलेले होते. त्याला दोन मोठे पंख होते आणि त्याच्याभोवती रंगीत दिव्यांची माळ गुंडाळलेली होती. दिवे आळीपाळीने लागत व विझत, आणि भोवती जमलेली मुले प्रत्येक वेळी आनंदाने ओरडत. दुसरे यान पुठ्ठ्याचे, करड्या रंगाचे, साठ सेंटिमीटर लांबीचे होते. त्याच्या एका अंगाला बारीक खिडक्यांच्या दोन ओळी होत्या. त्यांतील काही खिडक्या उजळलेल्या, तर काही काळोख्या होत्या. दुसरे अंग भिंतीकडे वळविलेले होते. आमच्यापैकी एकाने यान फिरवून पाहिले, तो त्या अंगावर ना खिडक्या, ना रंग. केवळ एका भोकातून चार-सहा तारा बाहेर आलेल्या! 'काम अर्धवट आहे. निम्मे दिवे लागत नाहीत,' असा शेरा आम्ही लिहिला. बक्षीस अर्थातच पहिल्या यानाला मिळाले.

सामान आवरण्याच्या वेळी मी त्या दुसऱ्या मुलापाशी गेलो. त्याची समजूत घालावी, हा माझा हेतू होता. "पुढच्या वर्षी सगळे दिवे नीट लागतील असे पाहा हं," मी म्हणालो. त्याने नवलाने माझ्याकडे पाहिले. "सर, सगळे दिवे लागतात. बाकीच्या खोल्यांतली माणसे झोपली आहेत." मी तारांच्या बाजूकडे बोट दाखविताच तो म्हणाला, "तारा कुठून तरी बाहेर काढाव्याच लागतात. म्हणून ती एक बाजू मी कोरी ठेवली."

मला काय बोलावे ते सुचेना. आम्ही तिघे शिकलेली माणसे त्या टेबलापुढे पाच मिनिटे उभे होतो, आणि आमच्यापैकी एकानेही त्याला एक प्रश्न विचारला नव्हता.

मग त्याने आपली वही उघडून दाखविली. तिच्यात गणिते मांडलेली होती. त्याने १:२५० हे प्रमाण घेतले होते. म्हणजे प्रतिकृतीतील १ सेंटिमीटर खऱ्या यानातील २५० सेंटिमीटरांबरोबर होता. त्या हिशेबाने साठ सेंटिमीटरांचे ते यान १५० मीटर लांबीचे ठरते. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ घेऊन श्रीहरिकोट्याहून उडालेला एलव्हीएम-३ हा अग्निबाण ४३.५ मीटर उंच होता. याच प्रमाणात त्याची प्रतिकृती केली, तर ती १७.४ सेंटिमीटरांची होईल. त्या मुलाच्या यानातील मनुष्य किती उंच असेल? साधारण ७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या शेतातील धानाच्या एका दाण्याएवढा! म्हणून त्याने एक मीटर उंचीच्या खिडकीसाठी ४ मिलिमीटरांचे भोक पाडले होते. तेच भोक २ सेंटिमीटरांचे केले असते, तर खिडकी पाच मीटर उंच झाली असती, आणि १५० मीटरांचे ते यान पाहणाऱ्याच्या डोळ्यांना खेळण्याएवढे लहान भासले असते. प्रतिकृतीला मोठेपण येते, ते तिच्यावरील लहान वस्तू योग्य तेवढ्या लहान राखल्यामुळे.

येथे कोणी म्हणेल, "कल्पनेतल्या यानात बरोबर काय आणि चूक काय? ज्याने त्याने मनाला येईल तसे करावे." हे म्हणणे वरवर पाहता खरे वाटते, मला मात्र ते पटत नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी मराठीत अनेक विज्ञानकथा लिहिल्या. अशा कथांची गोडी कशात असते? लेखक एखादी अपूर्व गोष्ट गृहीत धरतो. परंतु एकदा ती गृहीत धरली, की पुढचे सारे तिला धरूनच घडावे लागते. यानाचेही तसेच आहे. अग्निबाणाचे टोक निमुळते असते, कारण त्याला वातावरण भेदून वर जावयाचे असते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या 'विक्रम' या अवतरकाला मात्र निमुळते टोकही नव्हते आणि पंखही नव्हते. तो चार पायांच्या पेटीसारखा होता, कारण चंद्रावर भेदावयास हवाच नाही. तुमचे यान कधीच कोणत्या ग्रहावर उतरणार नसेल, तर त्याला पंख कशाला? आणि हवा असलेल्या ग्रहावर ते उतरणार असेल, तर पंख अवश्य द्या. कल्पना तुमची; पण तिचा हिशेब तुम्हीच द्यावयाचा आहे.

आता दिव्यांचा विचार करू. आकाशकंदील आपण सर्वांनी केलेला असतो. कामट्यांच्या सांगाड्यावर आपण पातळ कागद चिकटवितो. कारण आतला दिवा सर्वांगातून झिरपावा, अशीच आपली इच्छा असते. यानाची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याची भिंत धातूची आहे असे भासावयास हवे, आणि उजेड केवळ खिडकीतून यावयास हवा. सांध्यांतून प्रकाश गळू लागला, की यान तत्काळ कागदी वाटू लागते. म्हणून कुशल कारागीर प्रतिकृतीला आतून प्रथम काळा रंग देतात, म्हणजे प्रकाश आरपार जात नाही. त्यावर ते पांढरा रंग देतात, म्हणजे आतला प्रकाश परावर्तित होऊन सर्वत्र सारखा पसरतो. खिडकीमागे बटर पेपरचा तुकडा लावला, की दिव्याचा ठिपका न दिसता खोलीतला मंद उजेड दिसतो.

प्रत्येक खिडकीमागे दिवा बसविणे अवघड असते. अशा वेळी केसासारखे बारीक प्रकाशतंतू उपयोगी पडतात. एकाच दिव्याचा उजेड ते अनेक खिडक्यांपर्यंत नेतात. तंतू वळला, तरी प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. काचेच्या अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते, हे दाखविणारा निबंध १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो लिहिणाऱ्या दोघांपैकी एक, नरिंदरसिंग कपानी, हे पंजाबातील मोगा येथे जन्मलेले होते.

दिवा एलईडीचा घ्यावा. तो फारसा तापत नाही. परंतु तो ९ व्होल्टच्या बॅटरीला सरळ जोडला, तर जळून जाईल. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट पुरतात. उरलेले ६ व्होल्ट आवरण्यासाठी मध्ये एक रोधक जोडावा लागतो. विद्युतप्रवाह ०.०२ अँपिअर ठेवावयाचा असेल, तर ६ भागिले ०.०२, म्हणजे ३०० ओहमचा रोध हवा; बाजारात त्याच्या जवळचा ३३० ओहमचा रोधक मिळतो. एवढा एक भागाकार केला, की दिवा का टिकला, हे तुम्हाला सांगता येईल. एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. प्रतिकृती नेहमी बॅटरीवरच चालवावी. घरातील २३० व्होल्टच्या विजेला ती कधीही जोडू नये.

दिव्याच्या रंगालाही कारण असते. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा आणि उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा दिवा असतो. जहाजावरही डावीकडे तांबडा व उजवीकडे हिरवा दिवा लावतात. अंधारात दूरवरून केवळ ते दिवे पाहून समोरचे वाहन कोणत्या दिशेने चालले आहे, हे ओळखता येते. कथांतील पुष्कळ यानांनीही हाच नियम उचलला आहे. तुमच्या यानावर तांबडा दिवा लावाल, तेव्हा तो डावीकडे का लावला, हे तुम्हाला सांगता आले पाहिजे.

आता त्या कोऱ्या बाजूविषयी सांगतो. त्या प्रदर्शनानंतर मी प्रतिकृतींविषयी वाचू लागलो, तेव्हा मला एक विलक्षण हकीकत कळली. १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत 'स्टार ट्रेक' नावाची दूरदर्शन-मालिका दाखविली गेली. तिच्यातील 'एंटरप्राइज' या यानाची प्रतिकृती सुमारे ३.४ मीटर लांबीची असून मुख्यतः लाकडाची होती. तिच्या आत दिवे बसविल्यावर तारा डाव्या बाजूने बाहेर काढण्यात आल्या. म्हणून ती बाजू अपुरीच राहिली आणि चित्रीकरण उजव्या बाजूने होत असे. जगभरच्या लोकांनी जे यान डोळे विस्फारून पाहिले, त्याला एकच बाजू होती! आज ती प्रतिकृती वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वायू व अवकाश संग्रहालयात आहे. १९७४ साली ती तेथे देण्यात आली आणि दुरुस्तीनंतर २०१६ साली पुन्हा प्रदर्शनात मांडण्यात आली.

हे वाचताच मला मोहाडीचा तो मुलगा आठवला. त्याने हे यान पाहिले होते की नाही, हे मी त्याला विचारले नव्हते. पण त्या कारागिरांपुढे जी अडचण उभी राहिली, तीच त्याच्यापुढेही राहिली होती, आणि त्यानेही तोच मार्ग काढला होता. त्याची कोरी बाजू म्हणजे नंदीची चाके होती. आम्ही चाके पाहिली आणि "बैलाला चाके नसतात" असा शेरा लिहून मोकळे झालो.

पहिल्या यानाच्या मुलाला मी दोष देत नाही. विकतची माळ आणण्यात काही पाप नाही. त्याच्या यानाला पंख होते. कदाचित ते यान एखाद्या हवा असलेल्या ग्रहावर उतरणार असेल. कदाचित त्याच्याही मनात एखादी सुंदर कथा असेल. आम्ही त्यालाही विचारले नाही. बक्षीस देऊनही आम्ही त्याच्यावर अन्यायच केला. कारण आम्ही त्याच्या माळेचे कौतुक केले, त्याच्या विचाराचे नव्हे.

बालमित्रांनो, तुम्ही प्रतिकृती करावयास बसाल, तेव्हा प्रथम वहीत प्रमाण लिहा. मग त्या यानात कोण राहते, ते कोठे निघाले आहेत, त्यांतले जागे कोण आणि झोपलेले कोण, हे ठरवा. दिवे त्यानंतर लावा. थोडे लावलेत तरी चालतील. प्रतिकृतीत काही उणे राहिलेच, तर ते भिंतीकडे वळवून लपवू नका. परीक्षकांनी मागण्यापूर्वीच यान फिरवून दाखवा आणि येथे असे का आहे, ते सांगा. आणि पुढे मोठे होऊन तुम्ही कधी परीक्षक झालात, तर एवढे करा: शेरा लिहिण्यापूर्वी समोरच्या मुलाला एक तरी प्रश्न विचारा. काळोख्या खिडकीमागे कोण झोपले आहे, हे तो मुलगाच सांगू शकतो.