सांबार गोड लागलं म्हणून...

बंगलोरला दोन वर्षं काढलेली आमची मित्रमंडळी सुट्टीला सातारा-सांगलीकडे आली, की घरच्यांना घेऊन उडप्याकडे जातात आणि पहिल्याच घासाला निकाल देतात, "छे, हे खरं सांबार नव्हे. गोड आहे!" मला हे काही पटत नाही.

एक तर 'खरं' म्हणजे कुठलं? तंजावरला १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. ते स्थापणारे व्यंकोजीराजे म्हणजे शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ. तिथल्याच मुदपाकखान्यात आमसुलं संपली म्हणून चिंच घातली आणि सांबार झालं, अशी गोष्ट सांगतात. पुरावा मागू नका! पण चव गावागणिक बदलते, एवढं तर आपल्याला कळतं ना? बंगलोरचं गूळ घातलेलं सांबार तरी चेन्नईवाल्याला कुठे रुचतं?

दुसरं जास्त महत्त्वाचं. घरी डोसे असले की आई तव्यापाशी उभी. "गरम आहे तोवर खाऊन घे रे" म्हणत सगळ्यांना वाढणार आणि शेवटचा, फाटका डोसा स्वतः घेणार. हॉटेलात तिला कधी नव्हे ते बसल्या जागी गरम डोसा मिळतो आणि नेमके तेव्हाच चिरंजीव वाटीला नावं ठेवतात. मग तीच म्हणते, "उगाच आलो, मी घरी केलं असतं." झालं! पुढच्या रविवारी पुन्हा तवा.

तेव्हा मंडळी, रिव्ह्यू काय ते ऑफिसात करा. इथे आईला विचारा, आणखी एक मागवू का, साधा की मसाला? आणि तिचं खाऊन होईपर्यंत सांबाराबद्दल अवाक्षर काढू नका.